गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय? आधी वॅट विचारा, मग आपला पिनकोड सांगा

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की आमच्या घरी फोन सुरू होतात. कधी येळ्ळूरहून, कधी खानापूरहून. निपाणीकडचे पाहुणे तर सरळ घरीच येऊन बसतात. वाक्य ठरलेलं असतं, "पोरग्याला लॅपटॉप घ्यायचा होता. गेमिंगचाच पाहिजे म्हणतोय, कॉलेजात तोच लागतोय म्हणे." पोरगं मागं उभं राहून 'काका, हो म्हणा की' अशा नजरेनं माझ्याकडं बघत असतं. मी दोघांच्याही तोंडावर सांगतो: कॉलेजला गेमिंग लॅपटॉप लागत नाही, खेळायला लागतो. पण नीट निवडला तर तो चार वर्षं कॉलेजचंही सगळं काम ओढतो. चुकला तर धड खेळ नाही, धड अभ्यास नाही, वर हप्ते चालूच.

मी दुकानदार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत डिझाइनचं काम करतो, त्यामुळं ही यंत्रं रोज हाताखाली असतात. पाहुण्यांना जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय.

पहिलं काम: थांबायचं

सीट नक्की होण्याआधी लॅपटॉप घेऊ नका. कौन्सेलिंगच्या फेऱ्या लांबतात, शाखा बदलते, कॉलेज बदलतं. मेकॅनिकल धरून घेतलेलं जड यंत्र बीसीएला गेलेल्या पोरानं रोज का वाहायचं? शिवाय व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या, कॉलेजात पहिलं वर्ष फिजिक्स सायकल आणि केमिस्ट्री सायकल असं विभागलेलं असतं. त्यात थोडं प्रोग्रॅमिंग आणि कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग असतं, त्याला कॉलेजची लॅब पुरते. म्हणजे दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत काही अडत नाही. ज्यांच्या घरात ऊसबिलावर मोठी खरेदी ठरते त्यांना तर जानेवारीतला प्रजासत्ताक दिनाचा सेल जास्त सोयीचा, कारण हंगाम नोव्हेंबराच्या आसपास सुरू होऊन पहिली बिलं तोवर हातात पडू लागतात.

या मधल्या काळात पोराकडून एक कागद लिहून घ्या. एका बाजूला शाखा, दुसऱ्या बाजूला खेळायचे पाच गेम, नावानिशी. हा कागद बघून निम्मा निर्णय होतो. यादीत व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, माइनक्राफ्ट एवढंच असेल, तर खरं म्हणजे महागड्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या भागाची, गरज नाही. व्हॅलोरंट प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवरही चालतो. जीटीए, नवे फोर्झा, सायबरपंक अशी नावं आली की वेगळं कार्ड हवंच.

शाखेचं म्हणाल तर मेकॅनिकल आणि सिव्हिलला सॉलिडवर्क्स, रेव्हिट, ऑटोकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरांसाठी गेमिंग कार्ड उपयोगी पडतं. रेव्हिट, ऑटोकॅड ही ऑटोडेस्क कंपनीची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, त्यासाठी कुणाकडून पेनड्राइव्हवर चोरीची आणू नका. कॉम्प्युटर सायन्सवाल्याला कार्डापेक्षा रॅम महत्त्वाची. एआय-मशीन लर्निंग शिकणार असेल तर एनव्हिडिया कंपनीचंच कार्ड घ्यावं, कारण त्या क्षेत्रातली बरीच साधनं कुडा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात आणि कुडा एनव्हिडियाचं आहे. बीकॉम आणि बीएला गेमिंग लॅपटॉप शिक्षणासाठी म्हणून मागणाऱ्या पोराचं मात्र कौतुक करा आणि विषय बदला.

पैशांचा हिशेब

भाव दर महिन्याला हलतात, त्यात २०२५च्या अखेरीपासून रॅम महागली आणि तिनं लॅपटॉपही वर ओढले. म्हणून मी नक्की किंमत सांगत नाही, थर सांगतो. ६० हजारांच्या आत नवा गेमिंग लॅपटॉप शोधू नका. त्या पैशात जो मिळतो तो नावाला गेमिंग असतो. त्यापेक्षा १६ जीबी रॅमचा साधा चांगला लॅपटॉप घ्या. पोरगं घरूनच कॉलेजला जाणार असेल, म्हणजे वडगाव-शहापुरातून किंवा टिळकवाडीतून, तर डेस्कटॉपचाही विचार करा, तेवढ्याच पैशात जास्त दम मिळतो. ६० ते ७५ हजारांच्या थरात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० कार्ड आणि सवलतीच्या दिवसांत कधी ४०५० सापडतं. त्याच्या वर लाखापर्यंत ४०५०, ५०५० आणि नशीब असेल तर ४०६०.

ठरवलेल्या रकमेतले पाच-सहा हजार बाजूला ठेवा. पावसात टिकणारी बॅग, चांगला स्पाइक गार्ड, माउस, कधी जास्तीची रॅम, हे सगळं त्यातूनच येणार. मशीन स्वस्त दिसावं म्हणून 'डॉस'वालं मॉडेल गळ्यात मारलं जातं, त्यात विंडोज नसतं. ते वेगळं विकत घ्यायला गेलात की स्वस्ताई संपली. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला बंद केला, तेव्हा विंडोज ११ आधीपासून असलेलंच घ्या. लिनक्सवर भागवू म्हणणाऱ्याला सांगा, व्हॅलोरंट तिथं चालत नाही.

'नो कॉस्ट' हप्त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो इतकंच. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी आपल्याच क्रेडिट कार्डावर येते. रक्कम फार नसते, पण 'काहीच लागत नाही' हे खरं नव्हे. आणि रोख घेतल्यावर मिळणारी सूट हप्त्यात गेली का, तेही विचारा.

ग्राफिक्स कार्ड: इथंच फसवणूक होते

आता मुख्य गोष्ट. झूल बघून बैल घेऊ नये हे आपल्याकडं शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लॅपटॉपवरचा एनव्हिडियाचा हिरवा स्टिकर ही झूलच आहे. त्यावर फक्त नाव असतं, ताकद नसते.

लॅपटॉपमधल्या कार्डाला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. याला टीजीपी म्हणतात, वॅटमध्ये मोजतात. आरटीएक्स ४०५० लॅपटॉप कार्डासाठी एनव्हिडियानंच ३५ ते ११५ वॅट असा पट्टा दिलेला आहे, ४०६०लाही तोच. म्हणजे दोन लॅपटॉपांवर '४०६०' लिहिलेलं असलं तरी एक दुसऱ्याच्या निम्म्या विजेवर चालत असू शकतो. कमी वॅटचं ४०६० पूर्ण वॅटच्या ४०५०च्या बरोबरीला येऊन बसतं, आणि तुम्ही मात्र पंधरा हजार जास्त मोजलेले असतात. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, बरेचदा विकणाऱ्यालाच माहीत नसतं. "सगळं सेमच असतंय सर" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वादही घालत नाही.

वॅट शोधायचे तीन मार्ग. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुकानात सुरू असलेला नमुना असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, खालच्या कोपऱ्यातलं सिस्टिम इन्फर्मेशन दाबा, तिथं कमाल ग्राफिक्स पॉवर दिसते. हे दोन्ही जमलं नाही तर अडॅप्टर उलटा करून बघा. १२० किंवा १३५ वॅटचा अडॅप्टर असेल तर त्यातून प्रोसेसर, पडदा आणि कार्ड सगळ्यांना पुरून कार्डाला फार उरत नाही. १७०, २००, २३० दिसले की कंपनीनं हात आखडलेला नाही असं समजा.

नावांची आणखी एक गंमत. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ४ जीबीचंही येतं आणि ६ जीबीचंही. नाव तेच. आजच्या गेमांना ४ जीबी कमी पडतात, खेळ मध्येच अडखळतो, भिंती-झाडं धुरकट दिसतात. म्हणून बिलावर '६ जीबी' लिहून घ्या. आरटीएक्स २०५० तर २०च्या मालिकेतलं वाटतं, प्रत्यक्षात ते ३०५०च्याच पिढीतलं पण अरुंद मेमरीचं कार्ड आहे. गेमिंगसाठी म्हणून ते घेऊच नका. ४०च्या मालिकेपासून फ्रेम जनरेशन मिळतं, म्हणजे कार्ड मधल्या फ्रेम (एकेक चित्र) स्वतः तयार करून हालचाल जास्त सलग दाखवतं. ३०५०ला डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करून वेग वाढवण्याची सोय, आहे, पण हे नाही. चार वर्षं काढायची असतील तर थोडं ताणून ४०५०पर्यंत जावं, हे माझं मत. त्याच्या पुढं कर्ज काढून जाऊ नये, हेही माझंच मत.

प्रोसेसर पटकन, रॅम सावकाश

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच किंवा एचएस असावं, यू नको. आय५-१२४५०एच, आय५-१३४२०एच, रायझेन ५ ७५३५एचएस या किमतीला पुरेसे आहेत. रायझेन एएमडी कंपनीचे; त्यांच्या ७०००च्या मालिकेतल्या चार आकड्यांत तिसरा आकडा पिढी सांगतो: ७५३५ मधला ३ म्हणजे जुनी झेन ३ची जात, ७६४० मधला ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ बघून 'नवा' म्हणू नका. कमी पैशात मिळाला तर जुन्यालाही माझी हरकत नाही, फक्त नव्याच्या भावात घेऊ नका. आय७च्या मागं लागून कार्ड हलकं घेणारे दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात. उलटं करा.

रॅम १६ जीबी, त्याच्या खाली नाही. त्यातही ८-८च्या दोन पट्ट्या असाव्यात. एकच पट्टी असली की गेममध्ये वेग जाणवण्याइतका कमी होतो. माझ्या पहिल्या लॅपटॉपात ८ जीबीची एकच पट्टी होती. 'नंतर वाढवून घ्या' असं सांगून दिलेलं, घरी उघडलं तर दुसरी जागाच नव्हती. म्हणून दुकानातच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधल्या मेमरीवर जा, किती जागा आहेत आणि किती भरल्यात ते तिथं दिसतं. खालचं झाकण आपण उघडलं तर वॉरंटी जाते का हेही कंपनीच्या हेल्पलाइनला विचारून ईमेलवर उत्तर घ्या.

एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, ५१२ जीबी चालते. विंडोज ती ४७६ जीबी दाखवतं, ती चोरी नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी. एकेक मोठा गेम शंभर जीबी खातो, तेव्हा दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का बघून ठेवा.

पडदा आणि पाठ

१४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा बदलणारं चित्र, आता जवळपास सगळ्यांना असतं, त्यावर भाळू नका. रंग बघा. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला पडदा फिकट असतो. '१०० टक्के एसआरजीबी' असेल तर ड्रॉइंग, व्हिडिओ एडिटिंग सगळ्याला बरा. उजेड निदान ३०० निट्स. जमलं तर मक्स स्विच असलेलं मॉडेल घ्या, त्यानं कार्डाचं चित्र सरळ पडद्यावर येतं आणि थोडा वेग वाढतो.

वजनाबद्दल पोरं बोलत नाहीत, महिन्यानं बोलतात. हे लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचे, वर अर्ध्या किलोहून जड अडॅप्टर. जांबोटीहून किंवा उचगावहून रोज लाल बसनं येणाऱ्याला ते पाठीवर घेऊन उभ्यानं यावं लागतं. बायकांना फुकट बसप्रवास देणारी शक्ती योजना आल्यापासून सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. अशा पोरानं लॅपटॉप घरी ठेवायचा आणि कॉलेजला पेनड्राइव्ह न्यायचा, हेच बरं. बॅटरीवर दिवस निघेल अशी आशाही ठेवू नका. खेळताना तासाभरात उतरते, आणि चार्जर काढला की कार्डाची ताकदही निम्म्याखाली येते.

कुठून घ्यायचा: बेळगाव, कोल्हापूर, गोवा की ऑनलाइन

सीमाभागात हा प्रश्न हमखास येतो. "कोल्हापुरात स्वस्त पडतंय म्हणे." लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के, कर्नाटकात तेवढाच, महाराष्ट्रात तेवढाच, गोव्यातही तेवढाच. गोव्यात दारू आणि पेट्रोल स्वस्त मिळतं कारण त्या दोन्ही गोष्टी जीएसटीच्या बाहेर आहेत. लॅपटॉप आत आहे. तेव्हा राज्य ओलांडून कराचा एक रुपया वाचत नाही. फरक पडला तर तो त्या दुकानाच्या साठ्याचा आणि सवलतीचा. बेळगावहून कोल्हापूरला गाडी काढलीत तर हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोल, जाऊन-येऊन डिझेल आणि एक सुट्टी. दीड-दोन हजारांच्या फरकासाठी जाऊ नका. निपाणीकरांची गोष्ट वेगळी, त्यांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ.

यापेक्षा मोठा प्रश्न बिघडल्यावरचा. मोठ्या कंपन्यांची वॉरंटी देशभर चालते, घेतला कुठंही असला तरी. पण 'ऑनसाइट' म्हणजे इंजिनिअर घरी येणार, हे सगळ्या गावांना लागू नसतं. बेळगाव शहराचे पिनकोड ५९० ने सुरू होतात, तालुक्याचे ५९१ ने. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून आपला ५९१ वाला पिनकोड सांगा आणि सरळ विचारा, इंजिनिअर येईल का, की मला मशीन घेऊन जावं लागेल, आणि कुठं? उत्तर 'हुबळी' असेल तर बिघाडागणिक किती दिवस जातील ते मनाशी धरा. माझ्या ओळखीच्या एका पोराचा लॅपटॉप परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे बाहेर होता. कंपनीनं ऑनसाइट लिहिलं होतं, पण गाव त्यांच्या यादीत नव्हतं. शहरात नातेवाईक असतील तर बिलावर त्यांचा पत्ता घालणं हा साधा उपाय.

ऑनलाइन घेताना ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे आणणाऱ्यासमोरच खोकं उघडून बघायची सोय, निवडा आणि खोकं फोडण्यापासून चालू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा. दुकानातून घेताना जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर. "पक्कं बिल पाहिजे तर जास्त पडंल" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

जून-जुलैत शेवटच्या वर्षाची पोरं आपले लॅपटॉप विकतात. ओळखीतला असेल आणि वॉरंटी बाकी असेल तरच घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकला की वॉरंटी किती उरली ते कळतं. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता ताडून बघा.

दुकानातला अर्धा तास

घाई करणाऱ्या दुकानात घेऊ नका. मशीन सुरू करून सिरियल नंबर ऑनलाइन तपासा; वॉरंटी चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर तो शोकेसमधला नमुना असू शकतो. पडद्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग लावून एखादा ठिपका मेलाय का बघा. कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा. बिजागरी उघडझाप करून कुरकुर ऐका. टास्क मॅनेजरमध्ये रॅम, कंट्रोल पॅनलमध्ये वॅट. मग पैसे.

प्लगही बघा. काही गेमिंग लॅपटॉपांसोबत गिझरला असतो तसा जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग येतो. पीजीच्या किंवा हॉस्टेलच्या खोलीत अभ्यासाच्या टेबलाजवळ तसा सॉकेट सहसा नसतो. स्वस्तातला कन्व्हर्टर लावून तो तापवत बसण्यापेक्षा योग्य वायर आधीच मागून घ्या.

घरी आणल्यावर

जुन्या घरांत तिसऱ्या पिनला अर्थिंग नसतं, किंवा कधीकाळी होतं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात, तो दोष सहसा यंत्राचा नसतो. आमच्याकडं हे कळेपर्यंत मी दोनदा सर्व्हिसवाल्याला शिव्या घातल्या होत्या. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या.

विजेचा हिशेब एकदा करून ठेवा. खेळताना सरासरी १५० वॅट धरले आणि रोज चार तास खेळला तर महिन्याला १८ युनिट होतात. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत फुकट असं सगळे म्हणतात, पण आपला वाटा आपली जुनी सरासरी अधिक १० टक्के असा ठरलेला असतो. सरासरी ८० असेल तर ८८ फुकट, म्हणजे वाढीव सूट ८ युनिटची आणि लॅपटॉप मागतो १८. उरलेल्याचं बिल वीज कंपनी हेस्कॉम पाठवणार. आकडा लहान आहे, पण शून्याच्या जागी अचानक बिल आलं की घरात कुणाकडं बघितलं जातं ते सांगायला नको. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळू देऊ नका, लॅपटॉप एकटा दोन-अडीच पंख्यांची वीज ओढतो.

गादीवर, उशीवर ठेवून खेळू नका. हवा खालून आत जाते. खानापूर भागातली तांबडी धूळ पंख्यात बसते, सहा-आठ महिन्यांनी साफ करून घ्या. सतत चार्जरवर राहणार असेल तर सेटिंगमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा. पावसाळ्यात महिनाभर बॅगेत बंद ठेवू नका, दमट हवेनं खराब होतो. आणि एप्रिल-मेमध्ये ढग भरून वळीव यायला लागला, वीज चमकायला लागली की गेम कितीही रंगात आलेला असो, प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही.